साधं गाणं, अवघड गाणं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आपल्या कोल्हापुरात 'तालीम' या शब्दाचे दोन अर्थ होतात. पेठेपेठेत लाल मातीचा हौद असलेली जागा म्हणजे तालीम, आणि उस्तादासमोर बसून घेतलेलं गाण्याचं शिक्षण म्हणजेही तालीम. या दोन्ही तालमींना एकाच राजानं आश्रय दिला. राजर्षी शाहू महाराजांनी खासबागेचं मैदान बांधलं, आणि त्याच महाराजांनी उस्ताद अल्लादियाखाँसाहेबांना आपल्या दरबारात मानानं ठेवून घेतलं. कुस्ती बघणाऱ्याला घिस्सा डावावर लागलेला निकाल तेवढा दिसतो. दोन क्षणांचं काम. त्यामागचे पहाटेचे हजारो जोर आणि बैठका मैदानात दिसत नाहीत. गाण्याचंही तसंच आहे. म्हणून आज मला गाण्यातल्या साधेपणाबद्दल आणि अवघडपणाबद्दल चार गोष्टी सांगायच्या आहेत. मी काही गवई नाही. कविता लिहिणारा माणूस आहे. पण साधं लिहावं की अवघड लिहावं, हा प्रश्न कवितेलाही सुटत नाही, आणि त्याचं जरा बरं उत्तर मला आपल्या गावच्या गाण्याच्या इतिहासात सापडलं.

गाण्यातले बुजुर्ग नेहमी एक तक्रार करतात. पूर्वीचं गाणं खोल होतं, आताचं सोपं झालं. तरुणांची तक्रार नेमकी उलटी असते. जुनं गाणं उगाच अवघड आहे, त्यात माणसाच्या मनाला भिडणारं काही नाही. या दोन्ही तक्रारी मी लहानपणापासून ऐकतो आहे, आणि वाचन वाढलं तसं लक्षात आलं की त्या माझ्या आजोबांच्या पिढीतही होत्या. म्हणजे हे एकदाच घडून गेलेलं नाही. हे चाक फिरतंच आहे. मग प्रश्न असा की ते कशामुळं फिरतं, आणि फिरता फिरता आपल्या हातून काय निसटतं?

सुरुवात खाँसाहेबांपासूनच करू. अल्लादियाखाँ यांचा जन्म १८५५ चा, राजस्थानातल्या उनियाऱ्याचा. घराण्याची परंपरा धृपदाची. काका जहाँगीरखाँ यांच्याकडे त्यांनी वर्षानुवर्षं आधी धृपद-धमार आणि मग ख्याल शिकून घेतला. आवाज उत्तम होता, नाव होऊ लागलं होतं. आणि ऐन उमेदीत, एका छोट्या संस्थानच्या दरबारात दिवसांमागून दिवस गावं लागल्यामुळं तो आवाज बसला. पुढं तो परत आला, पण पहिल्यासारखा आला नाही. गवयाचा आवाज जाणं म्हणजे पैलवानाचा खांदा निखळण्यासारखं आहे. दुसरा कोणी असता तर गाणं सोडून देता. खाँसाहेबांनी उरलेल्या आवाजाला शोभेल असं नवं गाणं घडवलं. सूर लांबवून मोहिनी घालणं आता शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी सूर आणि लय एकमेकांत विणले. तान सरळ वर जाऊन सरळ खाली येण्याऐवजी वळणं घेत, वेढे घालत चालू लागली. मुबारक अलीखाँ यांच्या गाण्यातल्या पेचदार फिरतीचा त्यांच्या मनावर मोठा ठसा होता. तो इथं कामी आला. आज ज्याला आपण जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी म्हणतो, ती अशी एका अडचणीतून तयार झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला खाँसाहेब कोल्हापुरात आले आणि १९२२ साली महाराजांचं निधन होईपर्यंत हेच त्यांचं गाव राहिलं.

या गायकीचा अवघडपणा नेमका कशात आहे, ते थोडक्यात सांगतो. एक तर यात जोडरागांचा मोठा साठा आहे. बसंती केदार घ्या. नावावरून वाटेल की थोडा वेळ बसंत गायचा आणि थोडा वेळ केदार. तसं नाही. एका रागातून दुसऱ्यात शिरताना सांधा दिसता कामा नये, आणि तरी दोन्ही राग ओळखू आले पाहिजेत. सावनी कल्याण, नट कामोद, खोकर, खट, संपूर्ण मालकंस अशी ही मोठी यादी आहे. दुसरं असं की लय अतिविलंबित नसते. मध्यलयीकडं झुकलेल्या तीनतालाच्या आवर्तनात प्रत्येक मात्रेचं भान ठेवून आलाप करायचा आणि समेवर असं यायचं की ऐकणाऱ्याला ती अचानकही वाटावी आणि अटळही. हे सारं आकारात. लपायला जागा नाही.

आता गंमत बघा. याच काळात कोल्हापूरपासून पन्नासेक किलोमीटरवर, मिरजेत, उस्ताद अब्दुल करीमखाँ राहत होते. किराणा घराण्याचे. त्यांचं गाणं म्हणजे एकेका सुराला वेळ देणं. सूर लावायचा, तो पुरता भरू द्यायचा, मग पुढच्याकडं जायचं. राग मोजकेच, नेहमीचे, पण त्यात जीव ओतलेला. एका जिल्ह्यात वळणावळणाची गायकी, शेजारच्या जिल्ह्यात सरळ सुराची. दोघंही उत्तरेतून आलेले, दोघांनीही मराठी मुलुखालाच घर केलं. माझे अब्बा शिकलेले नव्हते. त्यांना एकाही रागाचं नाव सांगता आलं नसतं. पण सकाळी सांगली केंद्रावर गाणं लागलं की चहाचा कप बशीवर ठेवत ते सांगायचे, "हे मिरजेचं," किंवा "हे आपल्या कोल्हापूरचं." बहुतेक वेळा ते बरोबर असायचं. म्हणजे हा फरक पंडितांपुरता नव्हता, सामान्य माणसाच्या कानालाही तो कळत होता.

आता पुढची पिढी. खाँसाहेबांचे मधले चिरंजीव मंजीखाँ. वडिलांची सगळी विद्या त्यांच्या गळ्यात होती. पण त्यांच्या कानाला ओढ लागली होती ती कुरुंदवाडच्या रहिमतखाँ यांच्या गाण्याची. रहिमतखाँ ग्वाल्हेरचे, आणि त्यांचं गाणं सरळ, सुरेल, थेट काळजाला हात घालणारं. मंजीखाँ यांनी घराण्याची चौकट ठेवून गाणं मोकळं केलं, भावाला जागा दिली. वडिलांनी अवघड केलेलं मुलानं साधं केलं, असं वरवर म्हणता येईल. दुर्दैवानं १९३७ साली, वडिलांच्या हयातीतच, ते गेले.

हे आपल्याकडंच होतं असं समजू नका. जर्मनीत बाख नावाचा थोर संगीतकार होऊन गेला. एकावर एक चाली रचत जाणारं, विलक्षण गुंफणीचं त्याचं संगीत. १७३७ साली शायबे नावाच्या टीकाकारानं त्याच्यावर टीका केली ती अशी, की हे संगीत बोजड आहे आणि अतिकलाकुसरीनं त्याचा नैसर्गिकपणा झाकला गेला आहे. बाखची मुलंही संगीतकार झाली, त्यांनी बापाची गुंफण बाजूला ठेवून मोकळं, गोड, चटकन कळणारं संगीत लिहिलं, आणि त्यांच्या काळात त्यांचं नाव मोठं झालं. १७५० साली बाख वारला. पुढं १८२९ मध्ये मेंडेलसोन या विशीतल्या तरुणानं बर्लिनमध्ये बाखची एक मोठी रचना पुन्हा सादर केली आणि लोकांना त्या अवघड संगीताचं नव्यानं वेड लागलं. बापाचं अवघड, मुलांचं सोपं, आणि पुढच्या एका पिढीला पुन्हा अवघडाची तहान. चाक तिकडंही असंच फिरलं.

मराठी कवितेत हेच दिसतं. मोरोपंतांची आर्या म्हणजे यमक-श्लेषांचं जडजवाहीर. त्यांच्याच काळात सोलापूरचा रामजोशी. संस्कृत शिकलेला माणूस तमाशाच्या फडावर चढला आणि लोकांच्या तोंडी बसणाऱ्या लावण्या लिहू लागला. पण तोच रामजोशी कीर्तनात मोरोपंतांच्या आर्या रंगवून सांगत असे. त्याला अवघड कळत होतं, म्हणून त्याचं सोपं पोकळ झालं नाही. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते.

कारण माझा अनुभव असा, की कुठलीही पिढी आधीच्या थोर माणसांवर रागावत नाही. ती रागावते त्यांच्या नकलाकारांवर. अवघड गाणाऱ्या मोठ्या गवयामागून दहा जण येतात, त्यांना त्याची वळणं मिळतात पण ती वळणं घ्यायचं कारण मिळत नाही. मग गाणं गणितासारखं होतं, श्रोते कंटाळतात, आणि कोणीतरी पुढं येऊन सगळं झाडून टाकून एक सूर नीट लावतो. लोक डोळे पुसतात. त्याच्यामागून पुन्हा दहा जण येतात. त्यांना वाटतं, नुसता सूर लांबवला की झालं. मग ते साधेपण निव्वळ रिकामपण होतं, आणि कोणाला तरी पुन्हा गुंफण हवीशी वाटते.

हे चाक फिरताना दोन्ही बाजूंची देवाणघेवाणही होत राहते. पंडित भीमसेन जोशी किराणा घराण्याचे, म्हणजे साध्या सुराच्या परंपरेतले. पण त्यांच्या तानेत केसरबाई केरकरांच्या जयपूर गायकीचा ठसा जाणकार दाखवून देतात. उलट बाजूनं बघा. कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे यांनी १९११ साली 'मानापमान'ला चाली दिल्या, आणि अल्लादियाखाँचेच शागीर्द भास्करबुवा बखले यांनी १९१६ साली 'स्वयंवर'ला. दरबारात मूठभर लोक ऐकत ते राग नाटकाच्या पदांतून दुकानदार, कारकून, शेतकरी गुणगुणू लागले. इथल्या पॅलेस थिएटरात, म्हणजे आपल्या केशवराव भोसले नाट्यगृहात, हे गाणं घुमलं. ऑगस्ट २०२४ मध्ये त्या वास्तूला आग लागली तेव्हा नाटकवेडे नसलेले लोकही रात्री तिथं धावले. ते का धावले, याचं एक कारण या सोप्या झालेल्या गाण्यात आहे.

आणि खुद्द केसरबाई? पंचवीस वर्षं खाँसाहेबांची कडक तालीम घेतलेली, अवघड रागांची राणी. १९७७ साली अमेरिकेनं व्हॉएजर यान अवकाशात सोडलं. त्यातल्या तबकडीवर पृथ्वीवरचं निवडक संगीत आहे आणि भारताच्या वतीनं आवाज आहे तो केसरबाईंचा. कुठला जोडराग नाही त्यात. साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. ज्या सप्टेंबरमध्ये व्हॉएजर-१ उडालं, त्याच महिन्यात केसरबाई गेल्या. ती भैरवी ऐका. ती साधी आहे, पण ज्या गळ्यानं आयुष्यभर अवघड वाटा तुडवल्या, त्याच गळ्यातून ती निघू शकते.

आता मला तीन मौनांविषयी बोलायचं आहे. पहिलं अल्लादियाखाँचं, ते सांगून झालं. दुसरं कुमार गंधर्वांचं. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचा हा मुलगा, लहानपणीच देशभर गाजलेला. १९४७ साली क्षयानं गाठलं, पुढं देवासला अंथरुणावर सुमारे सहा वर्षं गाणं बंद. त्या काळात माळव्यातली बायकांची गाणी, भिकाऱ्यांची, नाथपंथी जोग्यांची भजनं कानावर पडत राहिली. ते पुन्हा गाऊ लागले तेव्हा फुप्फुसाची ताकद कमी झाली होती. लांबलचक आलापांऐवजी छोटे, धारदार स्वरसमूह आले आणि लोकधुनांतून नवे राग आले. तिसरं मौन किशोरी आमोणकरांचं. आई मोगूबाई कुर्डीकर, अल्लादियाखाँच्या थेट शिष्या. किशोरीताईंचाही आवाज तरुणपणी गेला आणि सुमारे दोन वर्षं त्या गाऊ शकल्या नाहीत. त्या परतल्या त्या वेगळ्या होऊन. लय संथ केली, आलाप अंतर्मुख केला, रागाच्या भावाला पहिलं स्थान दिलं. घराण्याची शिस्त मोडली म्हणून त्यांच्यावर टीकाही झाली.

तीन माणसं, तीन मौनं. पण बघा, एकाचं गाणं मौनानंतर अवघड झालं, एकाचं मातीकडं गेलं, एकीचं संथ आणि आत वळलेलं झालं. म्हणजे दुःखातून साधेपण येतं, हा आपला लाडका समज खरा नाही. या तिघांत समान काय आहे? तिघांकडेही मौनाच्या आधीच पुरी तालीम होती. आवाज थांबला तेव्हा आत चाळायला भरपूर काही होतं. जे रिकामं आहे ते गप्प राहिलं तर त्यातून काहीच निघत नाही.

आणि इथं मला एका अशा माणसाचं नाव घ्यायचं आहे, जे सभांतून फारसं घेतलं जात नाही. भूर्जीखाँ. खाँसाहेबांचे धाकटे चिरंजीव. मैफली गाजवणाऱ्यांच्या यादीत ते वर नाहीत. ते कोल्हापुरात राहिले आणि शिकवत राहिले. मंजीखाँ गेले तेव्हा त्यांचे शागीर्द मल्लिकार्जुन मन्सूर यांची तालीम जेमतेम दीड वर्षाची झाली होती. ती पुढं भूर्जीखाँ यांनी पुरी केली. वामनराव सडोलीकर त्यांच्याकडं शिकले, गजाननबुवा जोशी शिकले. कोल्हापूरच्याच धोंडूताई कुलकर्णी लहान वयात त्यांच्याकडं बसल्या आणि पुढं केसरबाईंच्या शिष्या झाल्या. १९५० साली भूर्जीखाँ गेले. त्यांचे चिरंजीव अझीझुद्दीनखाँ यांनी तो बंदिशींचा साठा जपला, आजोबांच्या आठवणीही लिहून घेतल्या.

एका हिंदू घरातली लेक मुसलमान उस्तादापुढं बसून शिकते, मन्सूर नाव लावणारा लिंगायत गवई त्याच उस्तादाला गुरू मानतो, आणि या घराण्याच्या गवयांचे सूर अंबाबाईच्या देवळातही उमटतात. यात त्या काळच्या कोल्हापूरला सांगण्यासारखं काही वाटलं नसेल. आज ते मुद्दाम सांगावं लागतं, एवढंच म्हणतो आणि पुढं जातो.

भूर्जीखाँ यांनी गाणं साधंही केलं नाही आणि अवघडही केलं नाही. जसं मिळालं तसं दिलं. चाकाच्या मधल्या आसासारखे ते स्थिर राहिले. एक फेरा मन्सूरांकडं गेला, एक धोंडूताईंकडं. प्रत्येकानं त्याचं वेगळं काही केलं. पण मधला माणूस नसता तर करायला काही उरलंच नसतं. आपण पुतळे उभारतो ते नवं करणाऱ्यांचे. जसंच्या तसं देणाऱ्याचं नाव विसरतो.

माझी आजची काळजी नेमकी इथं आहे. माझ्या नात्यातला एक मुलगा आहे, एकोणीस वर्षांचा, आवाज गोड. मोबाइलवर ऐकून ऐकून त्यानं बसंती केदार बसवला. वळणन्वळण हुबेहूब. मी म्हटलं, "बाळा, आता दहा मिनिटं भूप गा." पाच सुरांचा राग. तीन मिनिटांत तो संपला. मुलगा हुशार होता, त्यानंच विचारलं, "चाचा, सोपा राग मला का जमत नाही?" मी त्याला म्हणालो, "तुला अवघडाचं उत्तर मिळालंय, गणित मिळालेलं नाही. ते शिकवणारा माणूस शोध." ध्वनिमुद्रणात तयार तान ऐकू येते. ती तान शंभर वेळा चुकलेली, उस्तादानं हात वर करून थांबवलेली सकाळ त्यात नसते. या मुलाला मी दोष देत नाही. मिळेल तिथून शिकण्याची त्याची धडपड मला आवडते. पण त्याला भूर्जीखाँ कुठून आणून द्यायचे?

आता तो शहरातल्या एका वयस्कर बाईंकडं आठवड्यातून तीन दिवस जातो. पहिले चार महिने त्या फक्त षड्ज आणि भूपाचा आरोह-अवरोह घेत होत्या. मुलगा कंटाळला, चिडला, पण टिकला. परवा घरी त्यानं भूपातली एक बंदिश म्हटली. फार काही केलं नाही त्यानं. गंधारावर थांबला आणि थोडा वेळ तिथंच राहिला. घरात भांडी लावणं चाललं होतं, तेही थांबलं.

या बाईंना महिन्याला किती फी मिळते, हे मी विचारलं नाही, पण अंदाज आहे. खाँसाहेबांना संस्थानचा पगार होता. आज संस्थान नाही, महाराज नाहीत. मैफलीच्या गवयाला बिदागी मिळते, स्पर्धेतल्या मुलाला बक्षीस मिळतं. रोज सकाळी एकच पलटा वीस वेळा घेऊन बसणाऱ्या शिक्षकाकडं कोणाचं लक्ष नाही. देवल क्लबसारख्या जुन्या संस्था आपल्या परीनं करत आल्या आहेत, पण सगळा भार त्यांच्यावर टाकून चालणार नाही. आपल्या पेठेत असं शिकवणारं कोणी असेल तर आपली मुलं तिकडं पाठवा, फी वेळेवर द्या, आणि 'स्टेजवर कधी बसवणार' हा प्रश्न निदान दोन वर्षं विचारू नका.

पुढची पिढी गाणं साधं करील की अवघड, हे ठरवणारे आपण कोण? ते तिचं काम आहे. तिच्यापर्यंत ते पुरतं पोहोचवणं, एवढं मात्र आपलं काम आहे.